गुरुवारची सुट्टी

पाहुणे येणार हे सगळ्या जगाला माहीत, फक्त मला नाही. शेजारच्या उत्कर्षाला माहीत. खालच्या किराणावाल्यालाही माहीत, कारण तुझ्या आईनं त्याच्याकडून महागाची बिस्किटं आणली. आणि मी घरातली थोरली, विटक्या साडीत पाय पसरून लसूण सोलत बसलेली, तेव्हा चार माणसं जयभीम म्हणत दारात उभी. ही काय रीत झाली?

प्रिय मिनल,

बरी असशील. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतेस, म्हणून लिहायला बसले. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, लावून लावून वाच. पोस्टानं बंगळूरला पोचायला वेळ लागेल, म्हणून उत्कर्षा याचे फोटो काढून तुझ्या मोबाईलवर टाकणार आहे. तिला वाचू नको म्हटलंय. ती वाचणार. वाचू दे.

तर ते सांगवीचे पाहुणे, गेल्या रविवारी आलेले. मुलगा धम्मरत्न, त्याचे आईवडील आणि बहीण. मुलगा बरा आहे, मान खाली घालून बिस्किट चहात बुडवतो. बहीण चुणचुणीत. तिनं बसल्या बसल्या मोबाईल उघडला आणि लग्नाच्या साईटवरचं तुझं पान मला दाखवलं. फोटो बघून मी विचारलं, ही कोण? थट्टा नव्हे, खरंच विचारलं. माझा काळा रंग तुला आलाय तो कुठं गेला? हनुवटीवरचा तीळ कुणी खाल्ला? मग ती वाचायला लागली. स्वयंपाकाची आवड. अगं, तुझी भाकरी गावातली कुत्रीसुद्धा हुंगून सोडायची. वाचनाची आवड, फिरायची आवड. फिरायची एवढी आवड आहे तर वर्षातनं एकदा पिंपरीला ये म्हणावं. मी असं म्हटल्यावर सगळी हसली, मुलगाही हसला. त्यावर माझं भांडण नाही. भाजीवाला चांगले टोमॅटो वरच रचतो, आपल्याला ते माहीत असतं आणि तरी आपण घेतो. पहिल्यांदा नजरेत भरायला पाहिजे, नाहीतर माणसं बोटानं पुढं ढकलतात, हे उत्कर्षानं मला समजावलंय.

पण त्या पोरीनं बोट पुढं सरकवलं आणि दुसरा फोटो आला. तुझ्या बारावीच्या निकालाचा. तू पेढ्याचा बॉक्स धरून, आणि मागं साहेबराव, कंपनीच्या करड्या शर्टात, तुझ्या डोक्यावर हात ठेवून. मुलाचे वडील म्हणाले, आजी, मुलींचे फोटो काय, सगळे सारखेच दिसतात हो. आम्ही या माणसाचा चेहरा बघून आलो. म्हटलं, असा बाप आहे म्हणजे घर चांगलं असणार. आणि मग इकडं तिकडं बघत म्हणाले, साहेबराव दिसत नाहीत कुठं?

मिनल, मला वाटलं मला ऐकायला कमी आलं. तर बहिणीनं वाचूनच दाखवलं. वडील, चाकणच्या कंपनीत सुपरवायझर. झालं. पुढं काही नाही.

तेव्हा मी भिंतीकडं बघितलं. साहेबरावाच्या फोटोची जागा रिकामी. मागचा रंग तेवढा चौकोनी, उजळ राहिलेला, आणि वर नुसता खिळा. तुझ्या आईनं सकाळीच फोटो उतरवला होता, मला म्हणाली होती, आत्या, धूळ बसलीय, पुसून ठेवते. मग मी तिच्याकडं बघितलं. ती स्वयंपाकघराच्या दारात ट्रे धरून उभी, आणि गळ्यात काळी पोत. तो गेल्यावर तिनं स्वतःच्या हातानं काढून डब्यात ठेवलेली. कुणी सांगितलं नव्हतं, मी तर नव्हतंच. आणि ती माझ्याकडं अशी बघत होती की बोलले असते तर तो ट्रे खाली पडला असता.

माझ्या तोंडून गेलं, फर्स्ट शिफ्टला गेलाय.

आता तू म्हणशील, आजी, मग तूही खोटं बोललीसच की. बोलले. का, ते तुला सांगायला पाहिजे. साहेबराव त्या कोरोनाच्या साली फर्स्ट शिफ्टलाच गेला होता. डबा घेऊन गेला, कंपनीत ताप चढला, तिथूनच दवाखान्यात नेला. घरी आलाच नाही. आपल्याला तोंड बघू दिलं नाही. लांबून एक गुंडाळलेलं दाखवलं आणि म्हणाले, हाच. हाच म्हणजे कोण, ते त्यांनाच माहीत. म्हणून मला खोटं जुळवावं लागलं नाही. ते तोंडात तयारच होतं.

ती माणसं म्हणाली, मग सुटायची वेळ झालीच आहे, भेटूनच जातो. बसली. पुन्हा चहा झाला. चौकात कंपनीची बस थांबली, तो दार सरकल्याचा आवाज आला, आणि घरातली सगळी माणसं दाराकडं बघायला लागली. तुझी आई उठली, तांब्या भरला आणि उंबऱ्याशी नेऊन ठेवला, तो आल्यावर ठेवायची तसा. मी त्या तांब्याकडं बघत राहिले. बस गेली. मी म्हटलं, ओव्हरटाइमला थांबला असेल. मग ती माणसं गेली.

मी काही तुझ्यावर तुटून पडणार नाही. बाप नाही असं लिहिलं तेव्हा कुणी विचारलं नाही, हे मला माहीत आहे. तू रडत आईला फोन केलास तेही भिंतीपलीकडून ऐकलंय. माणसं लग्नाच्या पोरीच्या मागं कोण उभं आहे ते आधी बघतात. मग तू बाप उभा केलास. पण तू बंगळूरला आहेस. तू ज्याला उभं केलंस तो इथं आमच्याकडं राहायला आलाय.

पाहुणे गेल्यावर मी तुझ्या आईला म्हटलं, पोत काढ आता. म्हणाली, काढते. काढली नाही. रोज बस थांबली की तांब्या उंबऱ्याशी जातो. काल मी फोटो शोधून काढला, कपाटात तुझ्या जुन्या दप्तराखाली होता, आणि भिंतीला लावायला गेले. तर मला म्हणते कशी, राहू द्या आत्या, खिळा सैल झालाय, ते आले की ठोकून देतील. भाजी चिरता चिरता म्हणाली. मान वर केली नाही, आवाज हलला नाही. मी फोटो परत ठेवला. आणि खरं सांगू, चारला बसचं दार वाजलं तेव्हा मीही मान वळवली.

आज सकाळी मुलाच्या वडिलांचा तुझ्या आईला फोन आला. ते पुन्हा येतायत. म्हणाले, रविवारी भेट झाली नाही, गुरुवारी तर कंपनीला सुट्टी असते, तेव्हा साहेबराव घरीच असतील. तुझी आई म्हणाली, हो, असतील. मोबाईल ठेवला आणि त्याचा पांढरा शर्ट काढून इस्त्री करायला बसली. कॉलर दोनदा केली. आता शर्ट दारामागं हँगरला लटकलाय, वारा आला की बाही हलते. मी शिफ्ट सांगू शकते, ओव्हरटाइम सांगू शकते. गुरुवारी मी काय सांगू? म्हणून लिहिलंय. त्या पोराला आपल्या घरात यायचं असेल तर खरं ऐकूनही येईल. नाही आला तर तू काही मरत नाहीस. पण त्यांना फोन मी करणार नाही, आणि तुझ्या आईला करू देणार नाही. तो तू करायचास, गुरुवारच्या आत. मग पहिली गाडी धरून घरी ये, आणि तो खिळा तुझ्या हातानं ठोक.

तुझीच, आणि साहेबरावाची आई,
कस्तुरा

तू दारात आलीस की तुझी आई विचारेल, बाबा बरोबर नाही का आले? मी आत असेन, बोलणार नाही. तिला उत्तर तूच द्यायचं.