पिकल्याशिवाय नाही

३ मार्च
आले एकदाची ताईकडे, कायमची. माझी खोली पूर्वेची, खिडकीखाली टेबल, पडदे नवेकोरे. दारातच टोमणा बसला, कॉन्व्हेंटवाल्या बाईसाहेबांना इथे काटे-चमचे मिळणार नाहीत म्हणून. दोघी म्हाताऱ्या पोट धरून हसलो. तिचा उजवा डोळा मोतीबिंदूने दुधासारखा पांढरा झालाय, डावाही त्याच वाटेवर. ऑपरेशनचं काढलं तर म्हणे, पिकल्याशिवाय काढत नसतात. फळ आहे का ते, अढीत घालायला?

९ मार्च
भाच्याला फोन केला. म्हणाला, मावशी, आईच्या कलाने घे. कलाने घेत घेत आई आंधळी व्हायची वेळ आली, असं सुनावलं. त्याने फोनच ठेवला. ताई जिना चाचपडत उतरते. हात पुढे केला की झिडकारते.

१७ मार्च
खिडकीत बसवून तिचे केस विंचरत होते. तिने चेहरा वर केला. उजव्या डोळ्यात, त्या पांढऱ्याच्या तळाशी, मसुराएवढं तपकिरी काहीतरी होतं. मान कलती झाली तसं ते घसरलं. सरळ झाली, पुन्हा तळाशी. काय बघतेस एवढं, असं तिने विचारलं.

१८ मार्च
डॉक्टरांची वेळ घेतली. ताई न्हाणीघरात कडी लावून बसली. वेळ टळल्यावर बाहेर आली.

२१ मार्च
डोकं फुटतंय तिचं. उलट्या. पित्त म्हणते. डोळा लालभडक, पापणीवरून बोट लावलं तर दगड. शेजाऱ्यांच्या मदतीने उचलूनच नेलं.

२२ मार्च
मोतीबिंदू पिकून आतल्या आत वितळला, मला दिसलं ते तपकिरी म्हणजे त्याचा तळाशी बसलेला कडक गाभा; वितळलेलं झिरपलं, दाब वाढला, नस मेली. नजर गेलीच. ऑपरेशन केलं ते फक्त कळा थांबवायला. डॉक्टर म्हणतात, डावा वाचेल, पण लगेच करा.

२६ मार्च
ताई म्हणते, बघ, ऑपरेशननेच डोळा घेतला. भाचा म्हणतो, मावशी यायच्या आधी आई धडधाकट होती. नस आधीच मेली होती रे बाबा— सांगून सांगून—

२ एप्रिल
डावाही पांढरा. पूर्ण. डॉक्टरांचं नाव काढलं की ताईची आतून कडी. मी बाहेरून दारावर थापा मारते, रडते, शिव्याही देऊन झाल्या. आतून एवढंच, तू परत जा.

५ एप्रिल
जमिनीवर चप्पल चाचपायला ती वाकली. उठताना तोंड माझ्याकडे. डाव्या डोळ्यात, पांढऱ्यातून, तपकिरी— हळूच— घस