पुरेसा उजेड

११ ऑक्टोबर १९७८, बुधवार. दसरा.
कॅमेरा आला! नऊ वर्षं वाट पाहिली. रेल्वेतले एक साहेब बदलीवर निघाले होते, त्यांच्याकडून सेकंडहँड मिळाला. दोन भिंगांचा आहे. वरच्या भिंगातून आपण बघायचं, खालच्यातून फोटो निघतो. मान खाली घालून काम करावं लागतं. पाटबंधारे खात्यात बारा वर्षं नोकरी केलेल्या माणसाला ते अवघड जाऊ नये.
पुष्पलताने शस्त्रपूजेत मांडला. विळी, माझं फाउंटन पेन आणि कॅमेरा. तिन्हींना हळदकुंकू लावलं.
संकल्प : रोज एक तरी फोटो. प्रत्येक फोटोची वहीत नोंद. आणि बाबांचा फोटो. बाबा एकाहत्तर वर्षांचे आहेत. कुहीत जन्म, कुहीत शेती, आजवर एकही फोटो नाही. माझ्या लग्नात फोटोवाला आला तेव्हा ते पंगतीकडे निघून गेले होते. फोटोने आयुष्य घटतं, असं त्यांचं म्हणणं. कॅमेरा खरं तर एवढ्यासाठीच घेतला. हे कुणाला सांगितलेलं नाही, पुष्पलतालाही नाही.

१७ ऑक्टोबर, मंगळवार.
पहिला रोल ओमप्रकाशने धुऊन दिला. नागपूरच्या महाल भागात त्याचा स्टुडिओ आहे. बाराच्या बारा फोटो धुक्यात काढल्यासारखे. त्याचं मत, भिंगावर काहीतरी फासलं आहे. बोटाने पुसून दाखवलं, बोट लाल झालं. कुंकू. मी त्याला सांगितलं की परदेशात मुद्दाम असा मऊ परिणाम साधतात. त्याने बोट रुमालाला पुसलं. त्याला स्टुडिओपलीकडचं काही माहीत नाही.

२२ ऑक्टोबर, रविवार. दुपारी ३.
आमच्या नंदनवन वस्तीत बातमी पसरलेली दिसते. शेजारच्या शोभाताई स्वतः घरी आल्या. म्हणाल्या, "भाऊ, आमच्या मामाजीचा एक फोटो काढून देता का? आजच काढा. स्टुडिओत नेता येत नाही त्यायले."
आजच! लोकांना दर्जा कळतो.
त्यांचे सासरे गणपतराव खाटेवर होते. माझ्या कामाला त्या घराने किती मान दिला म्हणून सांगू! दोन्ही मुली गोंदियाहून आल्या होत्या, मोठा जावई रजा टाकून आला होता. दाढी करून ठेवली होती. उशाशी गंगाजलाची लोटी आणि तुळशीची पानं होती, ती फ्रेममध्ये येत होती म्हणून मी बाजूला ठेवायला लावली. शोभाताई जरा घुटमळल्या, पण ठेवली. गणपतरावांना म्हटलं, थोडं वर बघा, लांब कुठेतरी. फार सुंदर बघितलं त्यांनी. इतका वेळ पापणी न हलवणारा माणूस मी पाहिला नाही.

२४ ऑक्टोबर, मंगळवार.
गणपतराव गेले. भला माणूस होता. फोटो मात्र वेळेवर झाला म्हणायचा.

५ नोव्हेंबर, रविवार.
गणपतरावांची तेरवी. माझा फोटो मधोमध, पाटावर, मोठा करून. दोनशे माणसांनी तरी पाहिला असेल. एका अर्थी हे माझं पहिलं प्रदर्शनच. हार जरा जाड झाल्यामुळे हनुवटी झाकली गेली, तो सरकवायला गेलो तर जावयाने हात धरला. कुणी काढला हा फोटो म्हणून दोघातिघांनी विचारलं. पत्ता दिला.

१४ नोव्हेंबर, मंगळवार.
श्वास घ्यायला फुरसत नाही. मागच्या गल्लीतले निवृत्त पोस्टमास्तर रामाजी, त्यांच्या पलीकडच्या भागीरथाबाई, आणि उमरेड रोडवरचे एक कापडवाले. सगळे ज्येष्ठ. तरुणांपेक्षा म्हाताऱ्या चेहऱ्यात मजा आहे हे मला आपोआप उमगलं. यातच नाव काढायचं. पन्नास चेहरे झाले की हॉल घेऊन प्रदर्शन. नावही सुचलं आहे : 'उतरती उन्हं'. 
सगळीकडे दारात चपलांचा ढीग असतो आणि आत गेलं की सगळे एकदम गप्प होतात. पहिल्यांदा अवघडल्यासारखं झालं. आता सवय झाली. कलावंताभोवती असं होतच असणार.
ता.क. रामाजी शुक्रवारी गेले. भागीरथाबाई काल.

१९ नोव्हेंबर, रविवार.
आज बागेत सरावाला गेलो. बाकावर तीन म्हातारे बसले होते. मी कॅमेऱ्याचं झाकण उघडलं तसे तिघेही उठले आणि तीन दिशांना गेले. त्यातल्या एकाला गुडघेदुखी आहे हे मला माहीत आहे, पण चालला फार जोरात. लाजाळू लोक.
भाजीवाली प्रयागबाई आजकाल आमच्या दारावरून टोपली डोक्यावर सावरत भराभर पुढे जाते. पुष्पलताला हाक मारून बोलवावं लागतं. 
ऑफिसात हेडक्लार्कसाहेब महिनाअखेर रिटायर होताहेत. मी आपणहून सांगितलं, निरोप समारंभाचे फोटो माझ्याकडे लागले. त्यांनी समारंभच नको म्हणून कळवलं. एवढा साधा माणूस!
रोल द्यायला ओमप्रकाशकडे गेलो तर तो हसून म्हणाला, "शालिकबाबू, आप फोटो नहीं निकालते, सीधा ऊपर का टिकट काटते हो." धंद्यातला जळफळाट. मी लक्ष दिलं नाही.

२३ नोव्हेंबर, गुरुवार.
पुष्पलताशी वाद. मी प्रदर्शनाबद्दल बोलत होतो, ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्हाले लोक बलावतात कधी, हे पाह्यलं का तुम्ही? डॉक्टर उठून गेला का मंग तुम्हाले बलावतात. भिंतीवर लावाले फोटो पाह्यजे ना त्यायले." 
मी म्हटलं, तुला कला कळत नाही.
"कला नाही कळत," ती म्हणाली. "तेरवी कळते."
जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण एक पोळी कमी. नंतर वही काढून बघितली. तारीख, नाव, भिंगाचा आकडा, उजेड. समोर पेन्सिलीने मृत्यूची तारीख लिहीत गेलो. गेल्या आठवड्यातले दोन धरून सहा चेहरे, सहा तारखा. सगळ्यात लांबलेले कापडवाले, आठ दिवस.
मी सायन्सचा विद्यार्थी होतो (इंटरपर्यंत). याला योगायोग म्हणतात. पेन्सिलीचा रकाना खोडून टाकला.

२९ नोव्हेंबर, बुधवार.
चंपतचं पोस्टकार्ड! धाकटा भाऊ, कुहीची शेती तोच बघतो. चारच ओळी : "दादास नमस्कार. धानाची मळणी चालू आहे. बाबा म्हणतात शालिकले सांग, कॅमेरा घेऊन ये. वहिनी आणि पोरांनाही आण."
एकाहत्तर वर्षांचा हट्ट सुटला! माझं नाव कुहीपर्यंत पोचलं, दुसरं काय. आनंदाने कार्ड पुष्पलताच्या हातात दिलं. तिने दोनदा वाचलं आणि उठून पेटीत कपडे भरायला लागली. पांढरं लुगडं कुठे आहे म्हणून विचारत होती. एवढी घाई कशाला? मला आधी चांगला रोल घ्यायचा आहे, बाबांच्या रंगाला पिवळं फिल्टर लागेल का ते ओमप्रकाशला विचारायचं आहे, रजा टाकायची आहे. शनिवारी निघू.

२ डिसेंबर, शनिवार. कुही.
दुपारच्या एसटीने पोचलो. दारात चपला बऱ्याच होत्या. सुगीचे दिवस, माणसं येणारच.
बाबा अंगणात खाटेवर. बारीक झालेत. थंडीने होतं असं. मला बघून म्हणाले, "आला गा? आन् डबी आनली का ते?" कॅमेरा दाखवला. हातात घेऊन वजन बघितलं, धान्याचं बघतात तसं. मग म्हणाले, "काढ मंग."
ढग होते. उद्या काढू म्हटलं.

३ डिसेंबर, रविवार.
उजेड पुरेसा होता, पण फार कडक. डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात. बाबांच्या डोळ्यांखाली आधीच आहेत. 
गाय, विहीर आणि धानाची गंजी यांचे तीन फोटो काढले. ते चांगले येतील.

४ डिसेंबर, सोमवार.
मळणीची धूळ हवेत. भिंगावर बसते. बाबांनी आज पुन्हा फेटा बांधून घेतला होता, चंपतने बांधून दिला. त्यांना उठून बसायला दोन माणसं लागतात. सांगितलं की धूळ बसू द्या. बाबा चिडले. म्हणाले, "साऱ्या नागपूरच्या बुढ्यायचे काढले म्हणते, आन् बापाचा काढाले उजीड नाही तुयाजवळ?" सगळ्यांसमोर.
चंपत मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, तुले जमत नसन तर बाजारातल्या फोटोवाल्याले आणतो. सायकलनं येते तो." मी भडकलो. घरात फोटोग्राफर असताना सायकलवाला? लोक काय म्हणतील? तो विषय तिथेच बंद केला.
 

६ डिसेंबर, बुधवार. सकाळी ८.
रजा वाढवली. 
आज बाबा माझ्याआधी तयार. भिंतीला टेकून उन्हात बसवलं होतं. धुतलेलं धोतर, फेटा, कपाळाला बुक्का. ऊन कोवळं, हवा स्वच्छ, धूळ नाही, ढग नाही. फोटोसाठी याहून चांगली सकाळ कुठल्या पुस्तकात सांगितली नसेल.
मान खाली घालून काचेत बघितलं. या कॅमेऱ्यात डावं उजवीकडे दिसतं, उजवं डावीकडे. बाबा एवढेसे दिसले. खटक्यावर बोट ठेवलं होतं.
रोल संपला, असं सांगितलं. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या खिडकीत बारापैकी चारचा आकडा दिसत होता.
बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच विचारलं, "भेतं का गा?" 
नाही म्हटलं. मी असल्या गोष्टी मानत नाही. नागपूरहून नवा रोल आणतो म्हटलं. केवळ खबरदारी म्हणून दोन-चार आठवडे जाऊ द्यावेत, एवढंच माझं म्हणणं आहे. त्यात अंधश्रद्धेचा प्रश्न येत नाही. आठ दिवसांच्या वर एकही गेलेला नाही, तेव्हा फोटो न काढल्यास माणूस आठ दिवसांच्या वर जातो, हे सरळ गणित आहे.
बाबा म्हणाले, बरं. फेटा उतरवून चंपतच्या हातात दिला.

७ डिसेंबर, गुरुवार.
बाबांनी पेज घेतली. दोन चमचे. म्हणजे सुधारणा आहे.

८ डिसेंबर, शुक्रवार.
नव्या रोलसाठी नागपूरला जातो म्हणून सकाळी निघालो. एसटी स्टँडवर दोन तास बसलो. दोन गाड्या सोडल्या. परत आलो. गाडी फुल होती असं सांगितलं. बाबांनी विचारलंच नाही.

९ डिसेंबर, शनिवार.
बाबा गेले. सकाळी साडेआठला.
कुणीतरी म्हणालं, आता तरी एक काढून घ्या, चेहरा आहे तोवर. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी विहिरीकडे गेलो.
मला बाबा पाहिजेत.

२१ डिसेंबर, गुरुवार. तेरवी.
पाटावर फोटोच्या जागी फेटा ठेवला होता. पाहुणे हार घेऊन येत आणि हातात हार धरून इकडे तिकडे बघत. फेट्याला हार घालायचा कसा कुणाला कळेना. शेवटी सगळे हार पाटापाशी गोळा झाले. उमरेडचे आमचे मामा मोठ्याने म्हणाले, "काहून गा, शालिक तं फोटो काढते ना?"  चंपत पंगतीत वरण वाढत होता, वाढत राहिला. 
खोटं कशाला लिहू, माझ्याकडे नंदनवनच्या सहा बापांचे आणि मायांचे फोटो आहेत, मोठे करून, कोपऱ्यात सही घालून. 
पंगती उठल्यावर मायने मागच्या अंगणात बोलावलं. भिंतीशी पाट टाकून बसली होती. रडून चेहरा सुजलेला, केस मोकळे. म्हणाली, "काढ आता माया फोटू. तुया उजीड येयेलोक मी काई थांबत नाही बावा."
आज नको म्हटलं. म्हटलं, माय, तुला सुतक आहे, डोळे लाल आहेत, पाठीमागे खरकटी पातेली दिसताहेत.
"असू दे," म्हणाली. "त्यायले वाटलं पोरगा मोठा फोटूवाला आहे, पण बापावर रुसला. मरेलोक तेच म्हनत होते. मी नाही रुसू देत तुले. काढ."
काढला. खटक्याचा आवाज केवढा मोठा असतो. 
माय उठली, लुगडं झटकलं आणि पातेली घासायला बसली.

२ जानेवारी १९७९, मंगळवार. नंदनवन.
नव्या वर्षाचे संकल्प अजून केलेले नाहीत.
रोल ओमप्रकाशकडे दिलेला नाही. आठ फोटो बाकी आहेत, ते काढून झाल्याशिवाय देण्यात अर्थ नाही. कॅमेरा कपाटावर ठेवला आहे, त्यावर कापड टाकलं आहे.
काल मायचं कार्ड आलं, चंपतच्या अक्षरात. प्रकृती बरी आहे, थोडा खोकला आहे, फोटो कसा आला ते कळव.
छान आला म्हणून आजच कळवलं.