गरम गाडीची किल्ली

मंगळवार, संध्याकाळ

पुतण्या आमची जुनी जीप साखरा गावच्या गुरुजींना विकून राहिला. इंजिन बांधायला, म्हणजे पुरतं खोलून दुरुस्त करायला आलंय, हे त्याला पक्कं ठाऊक. सकाळी गाडी एका किल्लीत सुरू होते. तापल्यावर बंद केली, की मग सुरूच होत नाही. मागून निळा धूर. शाळेतल्या कवितेत निळाई शोभायची, गाडीमागे न्हाई! या दीडशहाण्यानं जाड ऑइल ओतून तो धूर दाबला. वर म्हणतो, "इंजिन बराबर आहे, गुरुजी!"

गुरुजींना गाडी हवी गरोदर लेकीसाठी. ऐन वेळी रस्त्यात बंद पडली तर? मी का गप्प बसावं? म्हणालो, "गुरुजी, नाक्यापर्यंत फिरवा, बंद करा, मग परत किल्ली मारा."

"काका, तुमाला काहून मधात पडायचं?" पुतण्या फणकारला. निर्लज्ज!

गुरुजी गाडी घेऊन गेले, अन् तासाभरानं नाक्यावरून पायीच आले. किल्ली त्यांनी माझ्या हातात ठेवली.