त्रिकोण आणि डबा

उबेराबा, २ मे १९८८

ती. बाबांस, नील्देचा सा. न. वि. वि.

शेजारच्या झुल्मीराकाकूंचं पत्र आलं. गोड, कुरकुरीत सुरळ्यांचा डबा पाठीवर असताना तुम्ही चढावर पडलात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तो लोखंडी त्रिकोण वाजवत विकायच्या फेरीला निघालात म्हणे! मला एका अक्षरानेही कळवलं नाहीत. एकट्याने राहणं आता पुरे, इकडे या. ह्या मुलखालाही त्रिकोणच म्हणतात, तेव्हा परकं वाटायचं कारण नाही. खोली झाडून ठेवली आहे.

लोभ वाढवा, चालणं कमी करा.

तुमची नील्दे

फोर्तालेझा, १९ मे

चि. नील्देस अ. आ.

काकूंच्या जिभेला हाड नाही. गुडघा बरा आहे. तुझा मुलूख नकाशात त्रिकोणी असेल, पण वाजतो का? ट्रकवाला रायमुंदो म्हणतो, त्रिकोण म्हणजे बंद पडलेल्या गाडीमागे ठेवतात तो. आणि तू गेलीस तेव्हा काकूंना तिसराच, प्रेमाचा त्रिकोण दिसला होता! चाळीस वर्षं माझा ऐकून गल्लीतली पोरं ताटल्या घेऊन धावताहेत. तिथे मला कोण ओळखणार?

डॉक्टर महिनाभर डबा उचलू देत नाही, म्हणून त्रिकोण नुसता टांगलेला आहे. संत जुआंवच्या जत्रेला तुमच्या वाजंत्र्यांना हवा होता ना, रायमुंदोबरोबर धाडतो. गाण्याला खुशाल वाजव, पण माझा फेरीचा ठेका वाजवायचा नाही. डबा भरलेला नसताना तो ठेका म्हणजे फसवणूक.

लोभ आहेच, मागावा लागत नाही.

तुझा बाप अन्सेल्मो

उबेराबा, २५ जून

ती. बाबांस सा. न.

तुमचं ऐकलं नाही. काल नाच थांबला, अकॉर्डियनवाला पाणी प्यायला गेला, आणि माझा हात आपोआप तुमच्या ठेक्यावर गेला. समोरचं दार उघडून आपल्या सेआरा प्रांताकडच्या एक आजीबाई ताटली घेऊन धावत आल्या, सुरळीवाला कुठे आहे म्हणून विचारू लागल्या. वीस वर्षांत हा आवाज ऐकला नव्हता म्हणाल्या. ती रिकामी ताटली बघून मला रडू आलं. सुरळीवाला पुढच्या महिन्यात येतोय, असं सांगून बसले. आज सकाळीच पुन्हा विचारून गेल्या. रागवा, पण काय करू ते सांगा.

तुमची नील्दे

फोर्तालेझा, ४ जुलै

चि. नील्देस आ.

रागावलोच आहे. रिकाम्या डब्यावर मी तो ठेका उभ्या जन्मात वाजवला नाही, आणि तू पहिल्याच जत्रेत! आता निस्तरायला मलाच यायला हवं. डबा आणि साचा बांधला, गुरुवारच्या बसने निघतो. आजीबाईंना म्हणावं, ताटली घासून ठेवा. काकू रडल्या, थोडा मीही रडलो.

गुडघा खरं तर बरा नाही. तेव्हा डबा तू उचलायचा. त्रिकोण मी वाजवणार.

तुझा बाप