अडतीस दिवस गव्हाशिवाय

३ फेब्रुवारी, दुपार
निगेटिव्ह! रक्त निगेटिव्ह. घशातून दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा काढला, तोही निगेटिव्ह. एवढं सोसायचं आणि हातात काय, तर निगेटिव्ह. तोकुशिगे डॉक्टरांना ग्लुटेन कशाशी खातात हे तरी माहीत आहे का? गव्हातला चिकटपणा तो. मला बाधतो. मला कळतं, पोट माझं आहे. डॉक्टर विचारतात, अरे तोमोहारू, उदोन चावून खातोस ना? उदोनचा मुलूख सानुकी, तिथल्या माणसाला हा प्रश्न! त्या जाड शेवया आम्ही गिळतो. घशातून सर्रकन उतरतात त्यातच सगळी मजा. चावतात ते पर्यटक. बाबांचा वाडगा दीड मिनिटात रिकामा होतो. माझा सव्वा.

रिपोर्ट नर्स मिझुएनं हातात दिला. काहीच निघालं नाही हं, म्हणाली. आवाजात दुःख होतं. डॉक्टरांवर तिचाही विश्वास नसावा.

३ फेब्रुवारी, संध्याकाळ
बाबांनी रिपोर्ट दोनदा वाचला. म्हणाले, पोट दुखतं म्हणून ओसाकाचं कॉलेज अर्ध्यात टाकून आलास. पोटात तर काही नाही. मग आलास कशाला? मी म्हटलं, तपासण्या चुकल्यात. बाबा म्हणाले, एक एप्रिलपर्यंत रोगाचं नाव आण. नाहीतर पहाटे पाचला आपल्या उदोनच्या दुकानात पायांनी कणीक तुडवायला उभा राहा, जन्मभर. हारूए आत्या भजी तळत होती. म्हणाली, दादा, रोग आहे रे याला, पण तो पोटाच्या जरा वर आहे. सगळं दुकान हसलं. अशा घरात चांगल्या माणसाचं पोट दुखणारच.

४ फेब्रुवारी
प्रतिज्ञा. गहू बंद. उदोन, पाव, बिस्किट, सगळं. काय खाल्लं, पोट कसं, रोज वहीत. पुरावा गोळा करून वही मिझुएपुढे ठेवणार. डॉक्टर रडतील.

७ फेब्रुवारी
भात. टोफू, वर सोया सॉस. भाजलेला बांगडा, वर सोया सॉस. जवाचा चहा पाच ग्लास. पोट शांत! शांत!! बाबांना ओरडून सांगितलं. ते म्हणाले, गिऱ्हाइकं आहेत, हळू बोल.

१४ फेब्रुवारी
क्लिनिकमध्ये गेलो. काही काम नव्हतं, रक्तदाब मोजला. मिझुएनं चॉकलेट दिलं! व्हॅलेंटाइनच्या दिवशी! समोरच्या बाकावरच्या सहा आज्यांना आणि दोन आजोबांनाही दिलं. कुणाला संशय येऊ नये म्हणून. हुशार आहे. आत वेफर निघाला. वेफर म्हणजे गहू. तरी खाल्ला, तिचा अपमान कसा करणार? पोट दुखलं नाही. मनापासून दिलेल्या गोष्टीतलं ग्लुटेन बहुधा मरतं.

२२ फेब्रुवारी
संताप. रोज येणारे निशिबे काका वाडगा हातात घेऊन म्हणाले, उदोनवाल्याच्या पोराला उदोन सोसत नाही, आता न्हाव्याच्या पोराला केस उगवायचे बंद होणार. बाबा हसले. माझे सख्खे बाबा! यापुढे काकांच्या वाडग्यात कांदा घालणार नाही. (दुपारी घातला. आत्या बघत होती.)

९ मार्च
चौदाला चॉकलेटची परतफेड करायची रीत आहे. विकतचं काही देणार नाही. तांदळाच्या पिठाचा केक केला. पहिला दगड. दुसरा खळ. तिसरा केकसारखा दिसतो. ओव्हनचं दार मीच लाथेनं तोडलं हे खोटं आहे, ते आधीच सैल होतं.

१४ मार्च
वही दिली. अडतीस दिवस, गव्हाचा कण नाही, दुखणं नाही. मिझुएनं उभ्यानंच वाचली. मग विचारलं, हे रोज सोया सॉस? म्हटलं, रोज. ती आत जाऊन बाटली घेऊन आली, लेबलावर बोट ठेवलं. सोयाबीन, मीठ, गहू. पुढे म्हणाली, आणि जवाचा चहा? ग्लुटेन जवातही असतं. आणि माझं वेफरचं चॉकलेटही खाल्लंत की! म्हणजे तोमोहारू, तुम्ही अडतीस दिवस रोज ग्लुटेन घेताय आणि एकदाही दुखलं नाही. अभिनंदन! तुम्हाला काहीही झालेलं नाही!

तिला इतका आनंद झाला की टाळ्या वाजवल्या. बाकावरच्या आज्यांनीही. केक आठ जणांत वाटला. एका आजीची कवळी त्यात अडकली.

बाटलीवर एवढ्या बारीक अक्षरात छापणाऱ्यांना तुरुंगात टाकलं पाहिजे.

१६ मार्च, रविवार
मिझुए दुकानात आली! माझ्यासाठी. (उदोन खायचं होतं, असं म्हणाली.) ती निइगाताची, भातखाऊ मुलूख. एकेक शेवई चावते. वाडग्याला पंचवीस मिनिटं. सगळ्या दुकानानं वाडगे खाली ठेवले. निशिबे काकांनी टोपी काढली. बाबा भिंतीकडे तोंड करून भांडी पुसत होते.

मग मला म्हणाली, तुम्हीपण खा, माझ्यादेखत, चावून. बाबांच्या दुकानात, बाबांच्या देखत! तिनं दर घासाचं चावणं मोजलं. तीस, एकतीस, गिळा. आत्या पदराआड हसत... पदर कुठला, ॲप्रन. रागानं काय लिहितोय तेही कळत नाही.

संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. दुखलं नाही.

जाताना ती म्हणाली, चला, आता तुम्हाला क्लिनिकमध्ये यायचं कारणच उरलं नाही! आणि हसली. तेव्हा दुखलं. पण ते वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं?

१ एप्रिल, पहाट
कणकेवर प्लास्टिक, प्लास्टिकवर मी. बाबा फक्त म्हणाले, टाचेनं दाब. कॉलेज का सोडलं, ते विचारलं नाही. विचारलं असतं तर या वेळी सांगितलं असतं. वर्गात कुणाशी बोलता येत नव्हतं, म्हणून.

पण हा डावा घोटा. नक्की काहीतरी मोडलंय. क्लिनिकमध्ये एक्स-रे आहे!

३ एप्रिल
फोन करून चौकशी केली. एक्स-रे काढायला मिझुए नसते. ओकुझुमी म्हणून साठीचे गृहस्थ आहेत.
घोटा बरा आहे.