पाठमोरा पुढारी

बेंगळुरू

ती. अप्पांस, ब्राह्मीचा जयजिनेंद्र.

मी बरी आहे. जेवण वेळेवर होतं, आईला सांगा. तुमचा हात आता कितपत थरथरतो? पेन धरता येतं का?

आमच्या चित्रकथांच्या पुस्तिका आम्ही इथले मित्रमैत्रिणी झेरॉक्स काढून हातोहात वाटतो. त्यांवर कुणीच नाव घालत नाही. परवा झेरॉक्सवाल्याकडे कुणीतरी आमची चौकशी करून गेलं. तुम्ही काळजी करू नका.

सांगलीच्या साप्ताहिकात संपादक तुम्हाला पुढाऱ्याचा चेहरा काढू देत नसत, म्हणून तुम्ही त्याला पाठमोरा काढायचात. तरी पारकट्ट्यावरची माणसं म्हणायची, "ह्यो तर आपलाच की रं!" ती कात्रणं मी इथं सगळ्यांना दाखवली. आता आमची पोरंही पुढारी पाठमोराच काढतात.

पण चित्राखाली तुम्ही स्वतःचं पूर्ण नाव घालायचात. त्यापायी मार खाल्लात, तरी घालायचं सोडलं नाहीत.

म्हणून पुस्तिकेच्या या अंकावर मीही माझं पूर्ण नाव घातलंय. मधलं नाव तुमचं, तेव्हा आधी विचारायला हवं होतं. पण अंक वाटून झालाय. आईला एवढ्यात सांगू नका.

तुमची लेक,
ब्राह्मी अण्णाप्पा मगदूम