चाळीस चिठ्ठ्यांतली एक

१८ नोव्हेंबर, मंगळवार
मध्य प्रदेशात, बालाघाटबाहेरच्या राइस मिलमध्ये ट्रेनिंग घेतलं. विषय, कामाच्या ठिकाणी मानसिक आरोग्य. दोन तास ठरले होते, मॅनेजरनं पाऊण तासावर आणलं. धानाचा सीझन आहे म्हणे. मशीनही बंद केली नाही. मन मोकळं करा, हे मी घसा फाडून ओरडून राह्यली होती. शेवटी कोरे कागद वाटले. मनातलं लिहा, नाव नको, कोणाले सांगणार नाही. चाळीस चिठ्ठ्या आल्या. फोटो, समोसे. झाली जागरूकता.

१९ नोव्हें.
चिठ्ठ्या वाचल्या. अर्ध्या कोऱ्या. दोघातिघांनी लिहिलं, पंखा लगवा दो. एक पेन्सिलनं, मराठीत: "मले आता जगावं नाही वाटत. कोणाले सांगू."
नाव नको, हे मीच म्हटलं होतं. आता कुठं शोधू?
आमच्या संस्थेच्या सरांले फोन केला. रिपोर्टमध्ये "एक गंभीर केस" टाका म्हणाले. पुढं? पुढचं आपल्या कामात बसत नाही, म्हणे.

२१ नोव्हें., शुक्र.
मिलमध्ये गेली आणि मॅनेजरले चिठ्ठीचं सांगून बसली. वाटलं, घाबरून मदत करेल. घाबरला, पण मिलसाठी. चिठ्ठी द्या, हजेरीच्या सह्यांशी अक्षर जुळवतो, सापडला की उद्यापासून त्याले कामावर घेत नाही, म्हणाला. मी दिली नाही. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, आपको उसकी जान की फिकर है, या अपने वादे की?"
माणूस चुकीचा, पण प्रश्न बरोबर.

२४ नोव्हें.
पॅकिंगवाल्या शेवंताबाईचा फोन. चिठ्ठी हातात नाही तरी मॅनेजरनं सगळ्यांकडून दोन-दोन ओळी लिहून घेतल्या, मराठीत कोण लिहिते ते पाहाले. आता सारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहून राह्यले, हा का तो. मग हळूच म्हणाल्या, "तुमी त म्हटलं होतं, कोणाले सांगणार नाही."
माफी मागितली. दुसरं काय करणार होती. सरकारी हेल्पलाईनचा नंबर सगळ्यांले द्या म्हटलं. देतो म्हणाल्या, पण आवाज थंड.
स्वतःचाच राग. वर्गात भरोसा शिकवाचा अन् मॅनेजरले सांगून मोकळं व्हाचं.

२५ नोव्हें.
शिफ्ट सुटाच्या वेळी, चारले, मिलच्या गेटसमोरच्या टपरीवर बसली, कोणी बोलाले येईल म्हणून. सगळे खाली मान घालून गेले.

२६ नोव्हें.
तेच. सरांचा फोन, तिथं काहून बसता, मिलवाले तक्रार करतील. करू द्या.

२७ नोव्हें., गुरु.
बॉयलरवरचे तुळशीराम येऊन बाकावर बसले. पन्नाशीचे असतील. मग विचारलं, "दुसऱ्यासाठी विचारलं त चालते का?" हौ, चालते म्हटलं. एका ओळखीच्याची बायको उन्हाळ्यात वारली. झोपत नाही, जेवत नाही, घरी एकटाच असतो. कोण, ते मी विचारलं नाही. पण सरळ विचारलं, "त्याच्या मनात मराचं येते का?"
ते म्हणाले,
"येते. आज नाही."
हेल्पलाईनचा नंबर दिला, माझाही, त्यांचाही घेतला. दवाखान्यात मी सोबत येतो म्हटलं. आज त्याच्याजवळ कोणी आहे का, विचारलं. भाऊ येऊन राह्यला म्हणाले. उद्या चारले त्याले इथंच आणतो.
चिठ्ठी त्यांचीच, का आणखी कोणाची? काही माहीत नाही.

२८ नोव्हें.
टपरीवर बसून लिहून राह्यली. साडेचार झाले. अर्धे लोक निघून गेले, तुळशीराम दिसले नाहीत. त्यांले फोन लावला, नुसती रिंग जाऊन राह्यली. ते आज कामावर आले का, ते पाहाले शेवंताबाईले मिलमध्ये पाठवलं आहे.